रिकाम्या कोनाड्यातलं शेवाळ

१

या, असे जवळ या. शेकोटीच्या या अंगाला सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. गोष्ट देवाच्या घरची आहे आणि देवाच्या घरच्या गोष्टी ओरडून सांगू नयेत. आमच्या नेदरकोमच्या चर्चमधून एक देवदूत नाहीसा झाला आणि त्यापायी एका निरपराध माणसाच्या जिवावर बेतायची वेळ आली, ती हकीकत तुम्हाला सांगतो. मन लावून ऐका, कारण खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि ती कुणालाच दिसली नाही.

तेव्हा आमचं चर्च नवंकोरं होतं. जुनं पडायला आलेलं, म्हणून उतरवून लंडनच्या वास्तुरचनाकाराकडून नवं बांधून घेतलेलं. भिंतींत लाल-काळ्या विटांचे पट्टे, पायाखाली भाजलेल्या रंगीत फरशा, गाभाऱ्याचं छत निळं आणि त्यावर सोनेरी चांदण्या. वेदीच्या मागच्या भिंतीत दगडी नक्षीचे तीन कोनाडे होते. मधल्या कोनाड्यात रिकाम्या कबरीपाशी बायकांना ‘येशू उठला’ असा निरोप देणारा तो देवदूत उभा असे. लाकडी, रंगवलेला, चार वर्षांच्या लेकराएवढा. त्याचा चेहरा असा, की कीर्तन रंगात आल्यावर बुवांच्या तोंडावर जे तेज चढतं ना, तसं.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. त्या दिवसांत आमचे तरुण पाद्री एव्हरेल या कोनाड्यांवर जांभळा पडदा टाकत. तो ईस्टरच्या सकाळपर्यंत कुणी उचलायचा नाही. गावातल्या निम्म्या लोकांना हे थेर वाटत, उरलेल्यांना फार आवडे.

त्या ईस्टरला चर्च खचाखच भरलेलं. आदल्या दिवशी बायकांनी खिडक्यांच्या कडा, खांबांचे पायथे, व्यासपीठ, सगळं ओल्या शेवाळानं आणि प्रिमरोजच्या पिवळ्या फुलांनी सजवलेलं. स्तोत्र टिपेला पोचलं आणि एव्हरेलनी दोरी ओढली. पडदा सरकला.

गाणं पुढच्या बाकापासून मागे मागे विझत गेलं.

मधला कोनाडा रिकामा होता. तळाशी थोडं शेवाळ, बाकी काही नाही.

“उठला आणि गेला की काय!” मागून कुणीतरी पुटपुटलं. कुणी हसलं नाही.

२

सोमवारी सकाळी डीन ओबाडाया स्पर्लिंग आपल्या छोट्या घोडागाडीतून आले. आसपासच्या खेड्यांतल्या चर्चांवर देखरेख ठेवणारे हे वयस्कर धर्मगुरू. देह स्थूल, आवाज मधाळ. प्रवचनाचा शेवट बोलता बोलता गाऊ लागत, म्हणून लोक त्यांना लांबून लांबून ऐकायला येत. विचारात पडले की तोंडातल्या तोंडात स्तोत्र चालू.

“डीनसाहेब, चोर सापडलाय,” एव्हरेल दारातच म्हणाले. त्यांचे डोळे रात्रभर जागून लाल झालेले. “छताच्या चांदण्यांना सोन्याचा वर्ख लावायला मी एक आयरिश रंगारी आणला होता. फिंटन कीहो. उपासकाळाचा शेवटचा आठवडा तो गाभाऱ्यात एकटाच काम करत होता. मीच दार बंद ठेवायला सांगितलं होतं, धूळ आली तर वर्ख बिघडतो म्हणून. काल तो शहराच्या रस्त्यावर सापडला. जवळ ही एवढी पेटी.”

“पेटीत देवदूत होता?”

“नाही. ब्रश होते. पण वाटेत कुणाला तरी विकला असणार.”

“असणार,” डीनसाहेबांनी मान हलवली. “आणि तो येण्याआधी देवदूत जागेवर होता, हे कशावरून?”

“सॅमवेजनी पाहिला ना! झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी पडदा जरा उचलून पाहिला, तेव्हा होता. कीहो दुसऱ्या दिवशी आला.”

जोसाया सॅमवेज म्हणजे पाणचक्कीवाले, चर्चचे पंच. शब्दाचे इतके पक्के, की गावात कुणी पैज लावली तर निवाडा त्यांच्याकडे.

“आणि काल पडदा सरकला तेव्हा सॅमवेज काय म्हणाले?”

“काहीच नाही. सगळे वर बघत होते, ते बिचारे खाली फरशीकडे बघत राहिले. भाविक माणूस, डीनसाहेब. धक्का बसला.”

तेवढ्यात रेशमी झगा सळसळवत मिस ऑनोरिया हॅलेट आत आल्या. गावच्या जमीनदारांची बहीण. देवदूताचा खर्च त्यांनी केला होता आणि जांभळा पडदाही त्यांनीच भरतकाम करून दिलेला.

“तुम्ही उगाच गाडी पिटाळत आलात, डीन. उद्या सकाळी भाऊ न्यायासनावर बसणार आहे. चर्चमधली चोरी! आयरिश माणसाला चांगली वर्षानुवर्षं खडी फोडायला मिळेल.”

“देवदूत गेल्याचं तुम्हाला दुःख झालेलं दिसतं.”

“झालं पाहिजे, पण होत नाही,” मिस हॅलेट फाडकन म्हणाल्या. “मी माझ्या आईचा चेहरा मागितला होता. त्या मूर्तिकारानं तिथे थर्झा सॅमवेजचा चेहरा कोरला! गिरणीवाल्याची पोरगी! कामगारांना पाव द्यायला यायची, तेवढ्यात बघून ठेवली मेल्यानं. आणि पुढे पोरगी काय निघाली, तर रस्त्यावर उभं राहून उपदेश करणाऱ्या एका फाटक्या माणसाबरोबर ब्रिस्टलला पळाली. बापानं घराचं दार बंद केलं ते केलंच. दर रविवारी आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे तोंड करून गुडघे टेकायचे. आता बोला!”

“म्हणजे देवदूत नकोसा वाटणारी माणसं गावातच दोन होती,” डीनसाहेब हळूच म्हणाले. “एक तुम्ही.”

मिस हॅलेटचा चेहरा पांढरा पडला. “आणि दुसरा?”

डीनसाहेब स्तोत्र गुणगुणत बाहेर पडले होते.

३

कीहोला खानावळीच्या तळघरात, बिअरच्या पिंपांमध्ये कोंडलं होतं. वर दाराशी पाचसात गावकरी उभे. त्यातला एक म्हणाला, “डीनसाहेब, याला उद्यापर्यंत कशाला पोसायचं? नदी जवळच आहे.” बाकीचे हसले, आणि ते हसू डीनसाहेबांना आवडलं नाही. उद्याची सकाळ यायच्या आत काही केलं पाहिजे, हे त्यांना तिथेच कळून चुकलं.

कीहो पिंपावर बसलेला. ओठ फुटलेला, बोटांच्या पेरांत अजून सोन्याचा वर्ख.

“बसा, फादर. जागेला तोटा नाही, फक्त उजेडाला आहे.”

“तू देवदूत पाहिलास का?”

“कधी पाहणार? पडद्याआड होता.”

“आठवडाभर हाताच्या अंतरावर काम केलंस आणि एकदाही पडदा उचलला नाहीस?”

कीहो ताठ झाला. “फादर, मी रोमन कॅथलिक चर्चचा माणूस. तुमच्या गावाला ते विषासारखं वाटतं, ठीक आहे. पण उपासकाळातला पडदा आमच्याकडेही असतो. ईस्टरच्या आधी तो उचलणं म्हणजे शोकातल्या बाईचा बुरखा उचलण्यासारखं. माझी आई थडग्यातून उठून थोबाडीत देईल.”

“कुणी साक्षीदार?”

“आहे की. तांबडं जाकीट घालून रोज यायची. मी फळ्यांवर उताणा पडून चांदण्या रंगवायचो आणि ही बाई आपली आत-बाहेर, आत-बाहेर. माझ्या पावाचा चुरा खाऊन गेली, पण उद्या न्यायासनासमोर यायला सांगा, येणार नाही.”

“थट्टा करायची ही वेळ नाही, कीहो.”

“थट्टाच तेवढी उरलीय, फादर. घरी बायको आहे, दिवस भरत आलेत तिचे. पोर जन्मेल तेव्हा बाप चर्चचोर असेल.” त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “तुम्ही मला चोर समजता?”

“मला अजून काही समजत नाही,” डीनसाहेब खरं तेच बोलले.

पायऱ्या चढताना ते थबकले. तांबडं जाकीट. बंद गाभाऱ्यात कोण आत-बाहेर करणार? आणि आत म्हणजे कुठे? ते उलट वळले. “कीहो! ती बाई जायची कुठे?”

“पडद्याच्या वरच्या फटीतून. देवदूतापाशी.”

डीनसाहेब या वयात धावले. गावानं ते पहिल्यांदाच पाहिलं.

४

गाभाऱ्यात शिडी लागलेली होती. तिच्यावर चर्चचा राखणदार रूबेन स्क्विब, हातात केरसुणी, आणि ती मधल्या कोनाड्यात शिरणारच होती.

“थांब!” डीनसाहेबांचा आवाज चांदण्यांपर्यंत घुमला.

स्क्विब पडता पडता वाचला. “देवा! साहेब, असं ओरडू नये हो म्हाताऱ्या माणसावर. पाद्रीबाबा म्हणाले, कोनाडा झाडून घे.”

“तिथे शेवाळ कुणी ठेवलं, स्क्विब?”

“कुणी म्हणजे? बायकांनी. ईस्टरची सजावट. सगळीकडे तेच शेवाळ आहे की.”

“शनिवारी सजावट झाली, तेव्हा पडदा कुठे होता?”

“पडदा... पडदा होताच की. ईस्टरला सकाळी सरकला.”

“मग पडद्यामागे सजावट कुणी केली?”

दारात एव्हरेल आणि मिस हॅलेट येऊन उभे राहिले होते. मिस हॅलेट म्हणाल्या, “वेदीच्या वर कुणी हात लावलेला नाही. मी स्वतः उभी होते.”

त्याच क्षणी उंच खिडकीच्या फुटक्या चौकटीतून एक रॉबिन आत आली. तांबडी छाती, चोचीत अळी. ती सरळ मधल्या कोनाड्यात उतरली आणि तिथून बारीक चिवचिवाट उठला.

“ही बघा आपली साक्षीदार,” डीनसाहेब म्हणाले. “स्क्विब, उतर. एव्हरेल, तुम्ही चढा. हात लावू नका, फक्त बघा आणि सांगा.”

एव्हरेल चढले. “घरटं आहे. शेवाळाचंच. चार पिलं. पिसं फुटलीत, डोळे उघडे आहेत.”

“देवदूताच्या पायात जाणारी लोखंडी खुंटी कोनाड्याच्या तळाला होती. ती कुठे आहे?”

“घरट्यातच! शेवाळ तिच्याभोवती गुंडाळलंय. खुंटी मधोमध...” एव्हरेल बोलता बोलता थांबले. वरूनच त्यांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर रक्त उरलं नव्हतं. “म्हणजे घरटं बांधलं तेव्हा खुंटीवर देवदूत नव्हता.”

“घरटं विणायचं, अंडी घालायची, उबवायची, पिलांना पिसं फुटायची. हे काम आठवड्यात होत नाही. कीहो गावात आला, त्याच्या कितीतरी आधी कोनाडा रिकामा झाला होता. चिमणीएवढ्या पाखरानं आयरिश माणसाला सोडवलं.”

“पण सॅमवेजनी तर झावळ्यांच्या रविवारी...” एव्हरेल शिडीवरच अडखळले.

वर पिलं ओरडत होती.

डीनसाहेबांनी स्क्विबला बाकावर बसवलं. “पडदा कुणी लावला?”

“मी आणि सॅमवेजसाहेबांनी. उपासकाळाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी. मी दांडी बसवली. मग मला घंटा वाजवायला जावं लागलं. उपासाआधीच्या धिरड्यांची घंटा! ती वाजल्याशिवाय गावातली एक बाई तवा ठेवत नाही, उशीर झाला तर माझ्या नावानं शिव्या. साहेब म्हणाले, तू जा, पडदा मी ओढतो. परत आलो तर पडदा ओढलेला, साहेब गेलेले.”

“देवदूत तेव्हा पाहिलास?”

“पडदा ओढल्यावर कसा पाहणार, साहेब?”

“आणि त्याआधी सॅमवेजमध्ये काही वेगळं वाटलं?”

स्क्विबनं टोपी हातात फिरवली. “वाटलं ते हिवाळ्यात. ब्रिस्टलचा गाडीवाला गिरणीवर येऊन गेला आणि त्या दिवशी पाणचक्की थांबली. साहेब, बायको गेली त्या दिवशीही ती चक्की थांबली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, चाकाचा दाता तुटला.”

मिस हॅलेट विजयानं म्हणाल्या, “पाहिलंत? पोरीचा एवढा द्वेष! तिचं तोंडही समोर नको, म्हणून जाळला असणार देवदूत.”

डीनसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. गुणगुणणं थांबलं होतं. “देव करो आणि तुमचं खरं नसो, बाई.”

५

पाणचक्की धडधडत होती. सॅमवेज दारात उभे, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे.

“या, डीनसाहेब. दळणाला आलात?”

“एक शंका विचारायला आलो. झावळ्यांच्या रविवारी तुम्ही पडदा उचललात, तेव्हा अंडी किती होती?”

“कसली अंडी?”

चक्की धडधडत राहिली. सॅमवेज डीनसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांना कळलं, की आपण काहीतरी चुकीचं बोललो. काय, ते कळलं नाही. डीनसाहेबांनी सांगितलं. घरटं, खुंटी, तांबड्या छातीची आई.

सॅमवेज मागे वळले, पाण्याची झडप टाकली. चाक कण्हत कण्हत थांबलं. इतकी शांतता झाली, की छपरातून गळणारं पीठ ऐकू येईल.

“वर चला,” ते म्हणाले.

माडीवरची खोली कुलूपबंद होती. सॅमवेजनी किल्ली गळ्यातून काढली. आत एक अरुंद पलंग, खुंटीवर मुलीची गवती टोपी. आणि खिडकीपाशी, उजेडात, देवदूत उभा होता. खांद्यावर लोकरी शाल घातलेली, थंडी वाजू नये तशी नीट लपेटून.

डीनसाहेबांनी टोपी काढली.

“थर्झा हिवाळ्यात गेली,” सॅमवेज म्हणाले. “तापानं. गाडीवाल्यानं निरोप आणला तोवर मातीही झालेली. आजारी असताना तिनं दोनदा बोलावणं धाडलं होतं. मी म्हणालो, ज्या दारातून गेलीस ते बंद आहे.” त्यांनी पिठाळलेल्या हातांनी तोंड पुसलं. “मग तो मंगळवार. स्क्विब घंटेला गेला. मी शिडीवर, हातात पडदा. ओढायला गेलो आणि... डीनसाहेब, मेलेल्या माणसाच्या तोंडावर कापड घरचं माणूस ओढतं. मी तिथे नव्हतो. परक्यांनी ओढलं. आणि आता मला तिच्या तोंडावर कापड ओढायला सांगत होते. हात धजला नाही. पोत्यात घालून घरी आणली.”

“परत ठेवणार होतात.”

“शपथेवर! ईस्टरच्या आठवड्यात. पण तो रंगारी दिवसभर फळ्यांवर, रात्री तिथेच निजलेला, दार आतून बंद. शनिवारी बायका. मग पडदा सरकला आणि पाद्रीबाबांनी विचारलं, शेवटचा कुणी पाहिला? तोंडातून निघून गेलं, झावळ्यांच्या रविवारी मी. त्या पडद्याच्या मंगळवारापासून लोकांचं लक्ष लांब न्यायचं होतं, एवढंच. रंगाऱ्याचं नाव कुणी घेतलं, तेव्हा माझा शब्द त्याच्याभोवती आवळला गेलेला.”

“आणि तुम्ही गप्प राहिलात.”

“राहिलो.”

डीनसाहेब पलंगाच्या कडेवर बसले. त्यांचा मधाळ आवाज आता कडक होता. “सॅमवेज, एकदा दार बंद ठेवलंत, त्याचं काय झालं ते तुम्ही जाणता. आज आणखी एक दार बंद आहे. खानावळीच्या तळघराचं. पलीकडे एका बाईचा नवरा बसलाय, आणि तिचे दिवस भरलेत. हे दार अजून उघडता येईल.”

सॅमवेज देवदूतापाशी गेले. मग त्यांनी शाल सरळ केली, खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि अंगावरचं पीठही न झटकता चालू लागले.

६

खानावळीपुढे गर्दी होती. सॅमवेज पायरीवर चढले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “देवदूत मी नेला. हा माणूस निर्दोष आहे. मी खोटं बोललो.” गावानं आजवर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. या शब्दावर ठेवायला सगळ्यांना जड गेलं.

तळघराचं दार त्यांनी स्वतः उघडलं. कीहो उजेडात डोळे मिचकावत वर आला. सॅमवेज त्याच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. कीहोची मूठ वळली.

“कुणाचा चेहरा होता तो?” कीहोनं शेवटी विचारलं.

“माझ्या मुलीचा. वारली ती.”

मूठ सैल झाली. “मग आधी सांगायचं होतंत, बाबा. तिला जागेवर ठेवायला मी फळ्या हलवल्या असत्या.”

आणि तिथे, त्या पायरीवर, जोसाया सॅमवेज पहिल्यांदा आपल्या लेकीसाठी रडले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जमीनदारांनी जाहीर केलं, की चर्चच्या चीजवस्तूंचे राखणदार कायद्यानं पंचच, तेव्हा चोरी झालीच नाही. खोट्या शब्दाचं काय, हे त्यांनी कीहोवर सोडलं. कीहोनं एवढंच मागितलं, की सॅमवेजनी स्वतःच्या गाडीतून त्याला घरी बायकोपाशी पोचवावं. दोघं एकाच बाकावर बसून गेले. वाटेत काय बोलले, कुणाला माहीत नाही.

पिलं उडून जाईपर्यंत कोनाडा तसाच ठेवला. स्क्विब केरसुणी घेऊन फिरकला नाही, उलट रोज चुरा टाकू लागला आणि कुणी पाहिलं तर नाही म्हणू लागला. मग देवदूत परत आला. त्या रविवारी डीनसाहेबांनी प्रवचन केलं, शेवटी ते गाऊ लागले, आणि गाता गाता त्यांनाच पुढचं कडवं गाववेना, तेव्हा पुढच्या बाकावरून एका जाड्याभरड्या आवाजानं ते स्तोत्र पुढे नेलं. सॅमवेज या खेपेला फरशीकडे बघत नव्हते.

पुढल्या वर्षी उपासकाळ आला, पडदा बाहेर निघाला. मिस हॅलेटनी तो स्वतः उलगडला, आणि आम्ही पाहिलं, तर त्यांनी मधोमध कापड उसवून चेहऱ्याएवढी जागा मोकळी ठेवली होती. कडेला बारीक जांभळे टाके. कुणी विचारलं, तर म्हणाल्या, “किडीनं खाल्लं.”

तो पडदा आजही तसाच लागतो. आता घरी जा, शेकोटीही निवत आली. पण दिवा मालवण्याआधी, आपापल्या देवापुढे हात जोडाल तेव्हा, ब्रिस्टलला परक्या हातांनी मूठमाती मिळालेल्या थर्झा सॅमवेजची एकदा आठवण काढा.